खोपडीण आजी आणि आमचं आडनाव

भोरच्या बाजूला गावात आडनावाला फारशी किंमत नसते. सगळी आळी एकाच आडनावाची म्हटल्यावर 'अहो जेधे' अशी हाक मारली तर निम्मा पार वळून बघणार. म्हणून घरं ओळखायची ती वेगळ्याच खुणांनी. कुणी माळावरचे, कुणी विहिरीजवळचे, कुणी मास्तराचे, कुणी मुंबईवाले. आम्ही चिंचेखालचे. ती चिंच माझ्या जन्माआधीच वादळात पडली होती, पण आम्ही चिंचेखालचेच राहिलो. पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं आडनाव न वाचता 'चिंचेखाली कोण आहे का' असंच विचारायचा.

आडनाव लागू व्हायचं ते एसटीत बसल्यावर. भोरची गाडी कापूरहोळला हमरस्त्याला लागायची, खेड-शिवापूर मागे पडायचं, कात्रज उतरलं की आपण चिंचेखालचे उरत नसू, जेधे होत असू. त्यात गाडी थांबणार स्वारगेटला, आणि स्वारगेटच्या चौकाचं नावच जेधे चौक. लहानपणी मला खरंच वाटायचं, की गावाकडून येणाऱ्या आमच्या माणसांना उतरायला सोपं जावं म्हणून कुणीतरी ही सोय केली आहे.

तो चौक केशवराव जेध्यांच्या नावाचा. त्यांचा जन्म 1896 चा, पुण्यातला. घरचा धंदा तांब्यापितळेच्या भांड्यांचा. शुक्रवार पेठेतलं जेधे मॅन्शन हे ब्राह्मणेतर चळवळीचं ठाणं होतं. पुढे ते काँग्रेसमध्ये गेले, शेतकरी कामगार पक्षात गेले, संयुक्त महाराष्ट्र समिती 1956 मध्ये पुण्यात स्थापन झाली त्या सभेचे अध्यक्ष होते, आणि 1959 मध्ये गेले. त्यांचं मूळही कारीच्या जेध्यांचंच. आमच्या घरात त्यांचा फोटो नव्हता, पण आबा स्वारगेटला उतरले की चौकाकडे बघून टोपी नीट करायचे. एवढाच काय तो संबंध.

जेधे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. 'कान्होजींचे का?' शाळेत, नोकरीत, लग्नाच्या बैठकीत, दवाखान्यात केसपेपर काढतानासुद्धा. आमच्या पिढीतल्या चुलत भावंडांनी याची आपापली उत्तरं तयार ठेवली होती. थोरला दादा छाती काढून 'हो' म्हणायचा. मधला 'तसं म्हणतात' म्हणायचा. मी शिक्षिका झाल्यावर वर्गात विचारलं गेलं तेव्हा 'कान्होजी आमचे, आम्ही कान्होजींचे का ते त्यांना विचारा' असं सांगून फळ्याकडे वळले होते. पण सगळ्यांत चांगलं उत्तर आबांचं. 'कान्होजींच्या शेजाऱ्यांचे,' असं म्हणून ते तंबाखू मळायला लागायचे.

आबा भोर संस्थानात वाढलेले. पंतसचिवांचं राज्य. संस्थान 8 मार्च 1948 ला मुंबई प्रांतात विलीन झालं, पण आबांच्या बोलण्यातून ते पुढची पंचवीस-तीस वर्षं काही गेलं नाही. 'राजवाड्यावर जाऊन येतो' म्हणजे भोरला बाजाराला जाऊन येतो. खुद्द या राजघराण्याच्या आडनावाचीही गंमत आहे. मूळ पुरुष शंकराजी नारायण, आडनाव गांडेकर. राजाराम महाराजांच्या काळात सचिवपद मिळालं आणि मग घराणंच 'पंतसचिव' झालं. हुद्दा आडनावाला गिळून बसला. आमच्या खोऱ्यांत हे घरोघर झालेलं आहे. देशमुखी असलेले देशमुख, देशपांडेपण असलेले देशपांडे, पाटीलकी असलेले पाटील. वतन गेलं, वसूल गेला, आडनाव तेवढं राहिलं. बाजीप्रभू शिंद गावचे, हिरडस मावळाचे देशपांडे. आता पुण्यात ज्यांच्या दारावर ही पाटी असते त्यातल्या कितीजणांना आपलं देशपांडेपण कुठल्या परगण्याचं हे सांगता येईल?

आबांच्या ट्रंकेत जमिनीचे जुने कागद होते. त्यांत आडनाव शोधत बसावं लागायचं. अमुक बिन तमुक, एवढ्यावर माणूस संपायचा. बापाचं नाव लागलं की ओळख पुरी. आडनाव ठळक झालं ते शाळेच्या हजेरीपटावर, पलटणीत, गिरणीच्या मस्टरवर. वडील आणि दोन्ही काका मुंबईला गिरणीत होते, परळला गावकीच्या खोलीत राहायचे. एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारी पंधरा-वीस माणसं, त्यातली दहा जेधे. तिथेही मग आडनाव निकामीच. वडिलांना खोलीत 'मास्तर' म्हणायचे, कारण सगळ्यांची पत्रं तेच लिहायचे. 1982 च्या संपानंतर ते कायमचे गावी आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक वळकटी, एक स्टोव्ह आणि 'मास्तर' हे नाव आलं. आता आमच्या घराला गावात मास्तराचे म्हणतात. चिंचेचा शेवट असा झाला.

पण आडनावाचा खरा कारखाना आमच्या स्वयंपाकघरात होता.

आबा तिघे भाऊ, तेव्हा तीन आज्या. नावांनी त्यांना कुणीच ओळखत नसे. लग्नात नावं बदललेली, त्यामुळे माहेरचं नाव सासरी कुणाला ठाऊक नाही आणि सासरचं नाव माहेरी कुणी घेत नाही. मग उरतं काय, तर आडनाव, तेही माहेरचं. थोरली आजी उत्रौलीच्या खोपड्यांची लेक म्हणून खोपडीण. मधली हिर्डोशीच्या अंगाची, बांदलांची, म्हणून बांदलीण. धाकटी वेल्ह्याच्या बाजूची, मोसे खोऱ्यातली पासलकरीण. तिघींच्या कागदावर जेधे, आणि तोंडावर मात्र जन्मभर जेधे नाहीच. आमच्या आईच्या पिढीत ही चाल मोडली. त्या सगळ्या 'वहिनी' आणि 'काकू' झाल्या. सुधारणा म्हणून ती आम्हाला तेव्हा बरी वाटली. आज वाटत नाही.

कारण त्या तिघी चुलीभोवती बसल्या की बारा मावळांचा इतिहास ताटात यायचा. भाताच्या लावणीचे दिवस, दिवसभर चिखलात वाकून पाठी मोडलेल्या, बाहेर पाऊस थांबायचं नाव नाही, आणि आत दोन आज्यांचं कशावरून तरी वाजलेलं. आमटीत मीठ जास्त पडलं एवढंही कारण पुरे व्हायचं. बांदलीण आजी म्हणायची, 'पडणारच. खानाला मिळालेल्या घरची.'

हा टोला साडेतीनशे वर्षं जुना आहे. 1659 च्या जूनमध्ये अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी आदिलशाही फर्मानं मावळच्या देशमुखांना गेली : खानाला येऊन मिळा. कान्होजी जेधे ते फर्मान आणि पाचही मुलगे घेऊन शिवाजी महाराजांकडे राजगडाला गेले आणि वतनावर पाणी सोडलं. उत्रौलीचे खंडोजी खोपडे खानाला मिळाले. प्रतापगडानंतर खंडोजी रानोमाळ लपत फिरले. महाराजांनी जीव घेतला नाही. उजवा हात आणि डावा पाय कापला. जीव वाचला तो कान्होजींनी शब्द टाकला म्हणून.

खोपडीण आजीला शाळा ठाऊक नव्हती, पण हे सगळं पाठ होतं. तिचं उत्तर ठरलेलं. 'आमच्यातल्या एकाचा हात गेला. बाकीच्यांचे शाबूत आहेत म्हणून तुमच्या घरात भात शिजतोय.' आणि मग ती बांदलांवर घसरायची. बांदल तरी कुठले धुतल्या तांदळाचे, कृष्णाजी बांदल महाराजांना आधी आडवाच गेला होता, जेध्यांशी तर त्यांची पिढीजात मारामारी. बांदलीण आजी मग घोडखिंड काढायची. 13 जुलै 1660, बाजीप्रभूंच्या बरोबर त्या खिंडीत बांदलांची माणसं कापली गेली. त्यानंतर तलवारीच्या पहिल्या पानाचा मान, जो जेध्यांचा होता, तो महाराजांनी बांदलांना दिला आणि जेध्यांनीही तो खुशीनं सोडला, असं आमच्याकडे सांगतात. 'तुमच्या घरातला मान माझ्या माहेरी गेलाय, मिठाचं काय घेऊन बसलीस,' असं म्हणून ती आमटीत पाणी ओतायची.

आम्ही पोरं हे ऐकत भाकरी खात असू. शाळेत सनावळ्या पाठ करताना माझा कधी गोंधळ झाला नाही त्याचं कारण हेच. पुस्तकातला इतिहास मला शेजारच्या घरातल्या भांडणासारखा वाटायचा.

तिसरी, पासलकरीण आजी, बोलायची कमी. तिच्या माहेरचे बाजी पासलकर स्वराज्याच्या अगदी पहिल्या लढाईत पडले, त्यामुळे तिच्या आडनावावर कुणाला बोटच ठेवता येत नसे. पण ती बोलली की दोघी गप्प व्हायच्या. 'तुमचं जेधेपण आमच्या दारात वाढलंय,' असं ती एकदा म्हणाली होती. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. पुढे जेधे करीना वाचला तेव्हा लागला.

जेध्यांच्या घरचे दोन कागद प्रसिद्ध आहेत. एक शकावली, दुसरा करीना. शकावली लोकमान्य टिळकांना दयाजीराव सर्जेराव ऊर्फ दाजीसाहेब जेधे देशमुखांकडून मिळाली आणि 1916 मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात छापली गेली. शके 1540 पासून 1619 पर्यंतच्या घटनांच्या त्या कोरड्या नोंदी. त्यातच शिवजन्माची तिथी आहे, फाल्गुन वद्य तृतीया शके 1551, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. शासनानेही पुढे हीच तारीख धरली. आमचं आडनाव अभ्यासकांच्या तोंडी आहे ते पराक्रमापेक्षा या कागदामुळे जास्त, असं माझं मत आहे. दादाला ते पटत नाही.

करीना मात्र घरची गोष्ट सांगतो. कान्होजींचे वडील नाईकजी भाऊबंदकीत मारले गेले. तान्हं मूल वाचवलं ते विश्वासू नोकरानं. ते वाढलं पासलकरांच्या आसऱ्यानं मोसे खोऱ्यात, आणि बाजी पासलकरांनी आपली मुलगी सावित्रीबाई त्याला दिली. म्हणजे सख्ख्या काकांनी जे आडनाव पुसायला घेतलं होतं ते परक्या आडनावाच्या घरानं राखलं. त्याच करिन्यात खंडोजी खोपड्यांची बाजूही नीट वाचण्यासारखी आहे. कान्होजींपर्यंत ते पोचले ते जावयामार्फत. जावई म्हणजे गुंजण मावळचे हैबतराव शिळीमकर. खोपड्यांची एक लेक शिळीमकरांकडे नांदत होती म्हणून तिच्या बापाचा जीव राहिला. तिचं नाव कुठे येत नाही. पासलकरांची सावित्रीबाई नावानिशी येते, हेच नवल म्हणायचं.

आमच्या पिढीच्या लक्षात हे उशिरा आलं. आम्ही वंशावळ काढायला बसलो ती वारस नोंदीच्या निमित्तानं. भोर-वेल्ह्यात जमिनींना भाव आले, डोंगराच्या उतारावर शहरातल्यांची शेतघरं उभी राहिली, आणि ज्या तुकड्यांवर नाचणी-वरीपलीकडे काही पिकत नव्हतं त्यांचे सातबारे लोक कपाटात कुलपात ठेवू लागले. 2005 च्या दुरुस्तीनं लेकींना जन्मानं हक्क मिळालेला. त्यामुळे फेरफाराला आत्या, बहिणी, त्यांच्या लेकी, सगळ्यांची नावं लागणार. हक्कसोडपत्राची कुजबूज झाली, नाही असं नाही. थोरल्या आत्यानं ती एका वाक्यात मिटवली. 'सही करीन, पण आधी माझ्या आईचं माहेर कुठलं ते तुमच्यातल्या एकानं सांगावं.'

खोपडीण आजीची ही लेक, गुंजवणीच्या खोऱ्यात राजगडाच्या पायथ्याला दिलेली, शिळीमकरांकडे. मुद्दाम जुळवली नव्हती, पण करिन्यातली सोयरीक आमच्या घरात पुन्हा झाली होती. उत्रौली एवढं आम्ही सगळ्यांनी सांगितलं. 'आणि आईचं आजोळ?' इथे सगळे अडकले. मलाच थोडं आठवत होतं. आजी दर वर्षी वैशाखात विचारायची, 'कांबरेश्वर उघडा पडला का गं?' वेळवंड खोऱ्यात कांबरे गावचं ते मंदिर भाटघरच्या पाण्याखाली असतं, उन्हाळ्यात धरण खाली गेलं की दिसतं. मोठं धरण 1920 च्या दशकात बांधून झालं तेव्हा आजीच्या आजोळची माणसं गाठोडी बांधून वर सरकली. तिनं ते गाव कोरडं असताना पाहिलेलं. तिच्या आईचं आडनाव काय होतं हे मात्र मला सांगता आलं नाही, आत्यालाही नाही. ते पाण्यात गेलं नव्हतं. विचारलंच नव्हतं कुणी.

आत्यानं सही केली नाही. नाव लावून घेतलं, आणि तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

मार्च 2024 मध्ये एकाच आठवड्यात राज्य सरकारचे दोन निर्णय आले आणि दोन्ही आमच्या घराला चिकटले. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालं, म्हणजे आत्याच्या सासरचा पत्ता बदलला. आणि 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम ठरला. आमच्या घरातलं सर्वांत धाकटं बाळ त्यानंतरचं. त्याच्या दाखल्यावर आई आली याचा आनंद आहेच. पण आईचं नुसतं नाव आलं, तिचं माहेर आलं नाही. आमच्याकडे तर आधी उलट होतं : नाव पुसलेलं आणि माहेर जिवंत. दोन्ही एकदम का मिळू नयेत?

मिळतात, असं पुतण्याच्या मुलीनं परवा सांगितलं. ती पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकली, आता स्टुटगार्टला नोकरी करते, लग्न होऊन तिचं आडनाव बदललेलं. तिथे नव्या घराचा पत्ता नोंदवायला गेली तर अर्जात आडनावाच्या शेजारी जन्मनाव असा वेगळा रकाना. बाईच्या नावापुढे तिचं माहेरचं आडनाव लिहायची तिथे जुनी रीत आहे. तिकडची आडनावंही आपल्यासारखीच धंद्यांतून आणि हुद्द्यांतून आलेली. म्युलर म्हणजे गिरणीवाला, श्मिट म्हणजे लोहार, शुल्झ म्हणजे गावाचा मुखिया, आपला पाटील. खेड्यापाड्यांतले जन्ममृत्यू तिथे शतकानुशतकं चर्चच्या वह्यांत लिहिले जात. 1876 पासून ते सबंध देशात सरकारी दफ्तरात जाऊ लागले. अशा नोंदींमुळे तिच्या शेजारची म्हातारी आपल्या पणजीचं माहेर कुठलं, आडनाव काय, हे एका दमात सांगते म्हणे. पोरीनं त्या रकान्यात जेधे लिहिलं आणि मला फोन केला. 'आजी, तुझ्या आजीचं जन्मनाव काय?'

खोपडे, म्हटलं. एवढं तरी सांगता आलं.

त्या फोननंतर आम्ही चुलत भावंडं कामाला लागलो आहोत. दादाकडे जेध्यांची वंशावळ आहे, सुबक, छापील, नवव्या पिढीपर्यंत गेलेली, आणि तिच्यात एकही बाई नाही. मी शेजारी दुसरा कागद ठेवला आहे. त्यावर खोपडे, बांदल, पासलकर, शिळीमकर, माझ्या आईकडचे कोंडे, काकूकडचे मालुसरे, सुनांकडची तर पार विदर्भापर्यंतची आडनावं. प्रत्येकीसमोर गाव, खोरं, असेल तर लग्नाआधीचं नाव. दादा आधी हसला. मग स्वतःच्या आईचं लग्नाआधीचं नाव आठवेना तेव्हा मामांना फोन लावून बसला. मामा नव्वदीचे, ऐकू कमी येतं. पण बहिणीचं नाव त्यांनी पहिल्या झटक्यात सांगितलं.

घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर या आठवड्यातच विचारून घ्या : आईचं माहेरचं आडनाव काय, गाव कुठलं, लग्नाआधी तिला काय नावानं हाक मारत होते. वही सापडत नसेल तर सातबाऱ्याच्या झेरॉक्समागे लिहा. तो कागद कुणी टाकत नाही.